नाव कधी विचारायचं, कुवत कधी तपासायची

राजापूर तालुक्यात मार्च लागला की काजू बीची खरेदी सुरू होते आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत चालते. ओणी, पाचल, रायपाटणकडून पोती येतात, काट्यावर चढतात, बारदानाचं वजन वजा होतं, दर लागतो, पावती फाटते. गावठी बीचा दर वेगळा, वेंगुर्ला जातीच्या टपोऱ्या बीचा वेगळा. मागे टेम्पो उभे असतात, त्यामुळे एकेका पोत्यामागे फार वेळ घालवायची सोय नसते. आकडा डोळ्यांनी वाचून हाताने टाइप केला तर ६२.४५ चे ६४.२५ होतात आणि हंगाम संपल्यावर हिशेब जुळवताना तोंडं वाकडी होतात. म्हणून काट्यावरचं वजन थेट संगणकात घेणारा, पावती छापणारा आणि खातं लिहिणारा एक छोटा प्रोग्राम मी इथल्या काही खरेदीदारांसाठी लिहिला.

लिहिला लिनक्सवर, कारण माझं सगळं काम तिथेच चालतं. चालवायचा होता विंडोजवर, कारण माझ्या गिऱ्हाइकांकडे दुसरं काही नाही. टॅली विंडोजवर, मराठी टायपिंगचे जुने फॉन्ट विंडोजवर, प्रिंटरचा ड्रायव्हर विंडोजवर. ‘तुमचा संगणक पुसून त्यात लिनक्स टाकून देतो’ म्हणणाऱ्याला ऐन हंगामात कुणी चहासुद्धा विचारणार नाही.

मधली वाट होती. मायक्रोसॉफ्टने २०१६ च्या ऑगस्टमध्ये विंडोज १० च्या ॲनिव्हर्सरी अपडेटबरोबर ‘विंडोज सबसिस्टिम फॉर लिनक्स’ आणली. कामकरी मंडळी तिला डब्ल्यूएसएल म्हणतात. विंडोज आहे तसं राहतं आणि त्याच्याच एका खिडकीत लिनक्सचे प्रोग्राम चालतात. पहिल्या पिढीत लिनक्सचं कर्नल नव्हतंच. प्रोग्राम कर्नलकडे ज्या मागण्या करतो, म्हणजे फाइल उघड, वेळ सांग, नवी प्रोसेस सुरू कर, त्या विंडोजच्या पोटातला एक थर ऐकायचा आणि विंडोजला समजतील अशा करून पुढे द्यायचा. सतराव्या शतकात राजापुरात इंग्रजांची वखार होती. परक्या व्यापाऱ्याच्या वखारीत दुभाष्याचं जे काम, तेच या थराचं. त्याला शब्द माहीत असेल तोवर सौदा सुरळीत. नसेल तर ‘असलं काही आमच्याकडे नाही’ म्हणून तो मोकळा.

२०१९ च्या मे महिन्यात दुसरी पिढी जाहीर झाली आणि पुढच्या वर्षी विंडोज १० च्या ‘२००४’ या आवृत्तीबरोबर ती सगळ्यांना मिळाली. तिच्यात खरं लिनक्स कर्नल आहे, एका हलक्या आभासी यंत्रात चालणारं. दुभाष्याची गरज संपली. पण विंडोजचे फोल्डर आणि विंडोजला जोडलेली यंत्रं आता त्या आभासी यंत्राच्या बाहेर राहिली. म्हणजे पहिल्या पिढीच्या अडचणी एका जातीच्या आणि दुसरीच्या दुसऱ्या. माझ्या गिऱ्हाइकांत दोन्ही पिढ्या आहेत. एकाकडचा जुना संगणक आभासी यंत्र चालवू शकत नाही, म्हणून तिथे पहिली. दुसरीकडे नवा लॅपटॉप, म्हणून दुसरी. शिवाय माझ्या टेबलावर शुद्ध लिनक्स. एकच प्रोग्राम तिन्हीकडे चालला पाहिजे.

अशा वेळी सगळ्यात आधी सुचतं ते म्हणजे नाव विचारणं. आपण कुठे चाललो आहोत ते प्रोग्रामने ओळखावं आणि डब्ल्यूएसएल असेल तर वेगळी वाट धरावी. ओळखणं अवघडही नाही. लिनक्समध्ये ‘प्रॉक’ नावाचा फोल्डर असतो, त्यात ‘व्हर्जन’ नावाची फाइल असते, तिच्यात कर्नलची ओळख लिहिलेली असते. डब्ल्यूएसएलमध्ये त्या ओळीत मायक्रोसॉफ्टचं नाव येतं. एका ओळीची तपासणी, काम झालं.

पण पहिल्या पिढीत ते नाव इंग्रजी मोठ्या ‘एम’ने सुरू होतं आणि दुसरीत छोट्या ‘एम’ने. मोठा ‘एम’ शोधणाऱ्या स्क्रिप्टला दुसऱ्या पिढीत काहीच सापडत नाही आणि ती स्वतःला शुद्ध लिनक्सवर समजते. कुणी म्हणेल, मग वातावरणातलं व्हेरिएबल पाहा. डब्ल्यूएसएल आपल्या वितरणाचं नाव तिथे ठेवतं. ठेवतं खरं, पण ‘सुडो’ने, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, प्रोग्राम चालवला की ते सहसा पुसलं जातं आणि क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, सुरू झालेल्या कामाला ते मिळतच नाही. दुसऱ्या पिढीत कर्नल स्वतः बांधून वापरता येतं, त्याला हवं ते नाव देता येतं. मग ओळखीची ओळच बदलते. उलट बाजूने, त्याच कर्नलवर डॉकरचा कंटेनर चालवला तर आतून ओळ मायक्रोसॉफ्टचीच दिसते, पण डब्ल्यूएसएलमधून विंडोजचे प्रोग्राम बोलावण्याची जी सोय असते ती तिथे नसते. आणि ती सोय एका सेटिंगने बंदही करता येते. म्हणजे नाव आहे पण गुण नाही, गुण आहेत पण नाव नाही, असे दोन्ही प्रकार प्रत्यक्षात भेटतात.

आता काट्याकडे येऊ. काट्याच्या मागून एक सिरियल केबल निघते आणि यूएसबीच्या छोट्या जोडणीतून संगणकात जाते. काटा सतत एकेक ओळ पाठवत असतो: वजन स्थिर आहे की हलतंय याची दोन अक्षरं, मग चिन्ह, मग आकडा, शेवटी किलोग्रॅमची खूण. पोतं ठेवल्यावर सुरुवातीच्या ओळी ‘हलतंय’च्या येतात, आकडा वरखाली होतो, मग एकदाची ‘स्थिर’ची ओळ येते आणि तीच धरायची. हे वाचणं सोपं आहे. प्रश्न आहे तो काटा कुठल्या दारातून येतो याचा. शुद्ध लिनक्सवर ही केबल यूएसबीच्या नावाने दिसते. डब्ल्यूएसएलच्या पहिल्या पिढीत २०१७ पासून विंडोजचे कॉम पोर्ट आत मिळतात: विंडोजमध्ये कॉम ३ असेल तर आत सिरियल ३. दुसऱ्या पिढीत ती सोय गेली. तिथे ‘यूएसबीआयपीडी’ नावाचा वेगळा प्रोग्राम विंडोजवर बसवून यूएसबीची वस्तू आभासी यंत्राला सोपवावी लागते. ती सोपवली की आत केबल पुन्हा शुद्ध लिनक्ससारखी यूएसबीच्या नावाने येते. सोपवली नाही तर येत नाही.

नाव विचारून कोड लिहायचा तर इथे तीन फांद्या झाल्या आणि तिसरीला आणखी दोन. शिवाय सिरियल पोर्टच्या फाइली यादीत दिसतात म्हणून पोर्ट असतोच असं नाही. खऱ्या लिनक्सवरही मागे काहीच नसलेल्या सिरियल पोर्टच्या फाइली हजर असतात, डब्ल्यूएसएलमध्येही असतात. उघडायला गेलं की चूक येते. म्हणून मी वातावरणाचं नाव विचारणं सोडलं आणि काट्यालाच विचारायला लागलो. प्रोग्राम सुरू झाला की सापडेल तो प्रत्येक पोर्ट उघडून बघतो, वेग लावतो, थोडा वेळ थांबतो आणि किलोग्रॅमची खूण असलेली ओळ येते का पाहतो. आली तर तोच काटा. मग तो शुद्ध लिनक्सवर आहे, दुभाष्यामार्फत आलाय की विंडोजने सोपवलाय, याच्याशी प्रोग्रामला कर्तव्य नाही.

ही शहाणीव नवी नाही. युनिक्सच्या डझनभर जाती होत्या त्या काळात, १९९१ साली, डेव्हिड मॅकेन्झी यांनी ऑटोकॉन्फ लिहायला घेतलं. संगणकाचं नाव न विचारता एकेक छोटा प्रोग्राम जुळवून, चालवून ‘हे जमतं का, ते जमतं का’ असं पाहायचं, हेच त्याचं सूत्र. नावावर विसंबलं की काय होतं हे ब्राउझरांनी दाखवून दिलं. वेबसाइटी नाव पाहून पान द्यायला लागल्या, म्हणून प्रत्येक नवा ब्राउझर आधीच्यांची नावं आपल्या ओळखीत जोडत गेला. क्रोम आजही स्वतःची ओळख सांगताना मोझिलाचं आणि सफारीचं नाव घेतो. मदरबोर्डवरच्या फर्मवेअरचंही तेच. ते सुरुवातीला ‘तू विंडोज आहेस का’ असं विचारतं आणि लिनक्स त्याला ‘हो’ म्हणतं. ‘तू लिनक्स आहेस का’ असं विचारलं तर २००७ च्या सुमारापासून लिनक्सचं कर्नल नेमाने ‘नाही’ म्हणतं, कारण त्या होकारावर फर्मवेअर बनवणाऱ्यांनी जे काही करून ठेवलं होतं ते न केलेलंच बरं होतं. ज्या प्रश्नाच्या उत्तरावर आपलं भलंबुरं ठरतं, त्या प्रश्नाला खरं उत्तर मिळेनासं होतं.

याच डब्ल्यूएसएलच्या बाबतीतलं मला आवडणारं उदाहरण पोस्टग्रेस या डेटाबेसचं आहे. डिस्कवर लिहिलेलं पक्कं झालं की नाही याची खात्री करताना चूक आली तर पुढे न जाता सरळ थांबायचं, असा कडक नियम पोस्टग्रेसने केला आणि २०१९ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत तो लोकांपर्यंत पोचला. डब्ल्यूएसएलच्या पहिल्या पिढीत मात्र त्या कामातली एक विशिष्ट मागणी दुभाष्याला येतच नव्हती. पूर्वी त्याबद्दल नुसती कुरकुर छापली जायची; नव्या नियमाने डेटाबेस बंद पडायला लागला. दुरुस्ती मे २०१९ च्या ११.३ आवृत्तीत आली. ती करणाऱ्यांनी ‘मायक्रोसॉफ्ट’ हा शब्द शोधला नाही. चूक कोणत्या प्रकारची आहे ते त्यांनी पाहिलं. ‘लिहिताना बिघाड झाला’ ही चूक वेगळी आणि ‘ही सोयच इथे नाही’ ही चूक वेगळी. दुसरी आली तर घाबरायचं कारण नाही, ती मागणी सोडून द्यायची. डब्ल्यूएसएलसाठी निघालेली दुरुस्ती, पण तीच सोय नसलेल्या दुसऱ्या कुठल्याही जागी ती तितकीच लागू.

एवढं झाल्यावर ‘नाव कधीच विचारू नका, कुवत विचारा’ असा नियम करून टाकावासा वाटतो. दरांच्या फाइलने तो नियम अडवला.

काजू बीचा दर दिवसातसुद्धा बदलतो. मालक एक्सेलमध्ये दर बदलतो, विंडोजच्या एका फोल्डरात जतन करतो आणि पुढच्या पोत्याला तोच दर लागावा अशी त्याची अपेक्षा असते. लिनक्समध्ये यासाठी ‘इनोटिफाय’ नावाची सोय आहे: या फोल्डरात काही बदललं तर मला हाक मार, असं कर्नलला सांगून ठेवायचं. डब्ल्यूएसएलच्या पहिल्या पिढीत विंडोजच्या फोल्डरांवरही ती चालते. दुसऱ्या पिढीत विंडोजचे फोल्डर ‘नाइन-पी’ या प्रोटोकॉलने आत येतात. मुळात बेल लॅब्जच्या ‘प्लॅन नाइन’ या संगणक-प्रणालीसाठी तो तयार झाला. तिथे इनोटिफाय लावलं तर कर्नल ‘ठीक आहे’ म्हणतं. चूक येत नाही. प्रोग्रामने स्वतःच एक फाइल लिहून चाचणी घेतली तर हाकही येते, कारण तो बदल कर्नलच्या हातून झालेला असतो. पण एक्सेलने विंडोजच्या बाजूने फाइल जतन केली की आत काही कळत नाही. चाचणीत मी मुद्दाम दोन्ही बाजूंनी फाइल बदलून पाहिली तेव्हा हे उघड दिसलं: आतून बदललं तर लगेच नवा दर, बाहेरून बदललं तर जुनाच दर तसाच पुढे चालू.

म्हणजे इथे कुवत विचारली तर उत्तर ‘आहे’ असं येतं, आणि ते खोटं असतं. घरच्याच चाचणीत पास होणारी सोय ऐन वापरात गप्प बसते. पोस्टग्रेसला निदान स्पष्ट नकार मिळाला होता. इथे नकारही नाही. अशा ठिकाणी नाव विचारण्यावाचून गत्यंतर नाही. पण नाव कुणाचं? पूर्ण वातावरणाचं विचारलं तर डब्ल्यूएसएलची पहिली पिढी उगाच या फांदीत येते आणि दुसऱ्या पिढीतले लिनक्सचे स्वतःचे फोल्डरही येतात, जिथे इनोटिफाय उत्तम चालतं. दोष त्या एका फोल्डराच्या जोडणीचा आहे, तर चौकशी तिचीच करावी. फोल्डर कुठल्या फाइलसिस्टिमवर आहे हे कर्नल सांगतं. नाइन-पी असेल तर हाकेची वाट न पाहता दर काही सेकंदांनी फाइलची वेळ तपासायची. नेटवर्कवरून जोडलेल्या एनएफएस आणि सांबाच्या फोल्डरांचीही हीच अडचण असते. दुसऱ्या यंत्राने केलेला बदल तिथेही कळत नाही. तीही नावं त्याच यादीत टाकली. एका गिऱ्हाइकाने पुढे दरांची फाइल कचेरीतल्या सामाईक फोल्डरात नेली, तेव्हा मला प्रोग्रामला हात लावावा लागला नाही.

घड्याळाची गोष्ट याच वळणाची. मे महिन्यात वळवाचे ढग जमले की वीज जाते. लॅपटॉप बॅटरीवर असतो, मालक झाकण मिटून ठेवतो. वीज आल्यावर झाकण उघडलं की विंडोजचं घड्याळ बरोबर असतं. आतल्या लिनक्सचं मात्र, विशेषतः दुसऱ्या पिढीच्या सुरुवातीच्या कर्नलांत, झाकण मिटल्या क्षणापासूनच पुढे चालू व्हायचं. पावत्यांवरची वेळ मागे पडायची आणि रात्री इंटरनेटवर पाठवायची बॅकअप नाकारली जायची, कारण वेळ फार चुकलेली विनंती सर्व्हर स्वीकारत नाही. ‘डब्ल्यूएसएल दोन असेल तर घड्याळ लाव’ असं लिहिता आलं असतं. त्याऐवजी सर्व्हरच्या उत्तरात त्याची वेळ येतेच, तिच्याशी आपली वेळ ताडून पाहायची आणि फरक मोठा असेल तर पावत्या थांबवून पडद्यावर सांगायचं, असं केलं. नंतरच्या कर्नलांत घड्याळात बरीच सुधारणा झाली. ती तपासणी मात्र उपयोगी राहिली, कारण जुन्या संगणकांच्या मदरबोर्डवरचा बटण-सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि त्या संगणकाचा डब्ल्यूएसएलशी काही संबंध असायलाच हवा असं नाही.

पावती उघडण्याच्या कामात एक गमतीची खोडी भेटली. डब्ल्यूएसएलमधून विंडोजचा एक्सप्लोरर बोलावून पीडीएफ उघडता येते. फाइल नीट उघडते, आणि एक्सप्लोरर जाताना ‘अपयश’चा अंक परत करतो. काम फत्ते झालं तरी तोच अंक. त्या अंकावर विसंबणारा कोड पावती उघडलेली असूनही दुसरा उपाय करायला धावतो आणि तीच पावती दोनदा पडद्यावर येते. तिथे मी निकालाकडे लक्ष देणंच बंद केलं आणि ते का, हे त्या ओळीच्या वर लिहून ठेवलं.

हे ‘का’ लिहून ठेवणं मला आता कोडइतकंच महत्त्वाचं वाटतं. खोडीसाठी लावलेलं ठिगळ ज्या दिवशी लावलं त्या दिवशी सगळ्यांना समजलेलं असतं. वर्षाने ते कुणालाच समजत नाही आणि काढायची हिंमतही होत नाही. त्यामुळे प्रत्येक ठिगळावर मी तीन गोष्टी लिहितो: काय दिसलं, कुठल्या आवृत्तीवर दिसलं, आणि काय दिसेनासं झालं की हे काढून टाकायचं. हंगामाच्या आधी, फेब्रुवारीत, एकेक ठिगळ बंद करून प्रोग्राम चालवून पाहतो. ज्याची गरज संपली ते जातं.

एवढं करूनही एक जागा अशी उरली, जिथे मी आजही सरळ विचारतो: हे डब्ल्यूएसएल आहे का, असेल तर पहिल्या पिढीचं की दुसऱ्या. ती जागा आहे माणसाशी बोलण्याची. एका खरेदीदाराकडे संगणक त्यांच्या घरातल्या वहिनी सांभाळतात. केबल हलली की त्यांचा फोन येतो.

“भाऊ, काटा मिळत नाय म्हणतोय हा.”

“वहिनी, खाली काय लिहिलंय ते वाचा.”

पूर्वी खाली सगळीकडे एकच वाक्य यायचं: काटा सापडला नाही, केबल तपासा. वहिनी केबल काढून पुन्हा घालायच्या. दुसऱ्या पिढीच्या संगणकावर यूएसबीची वस्तू काढून घातली की तिचं सोपवणं तुटतं आणि ते परत करावं लागतं, त्यामुळे केबल तपासण्याचा सल्ला तिथे निम्माच होता. आता काटा सापडला नाही की प्रोग्राम वातावरण ओळखतो आणि त्या संगणकापुरतं बोलतो. शुद्ध लिनक्सवर तो वापरकर्त्याला सिरियल पोर्टची परवानगी आहे का ते पाहायला सांगतो. पहिल्या पिढीत विंडोजमध्ये कॉम पोर्टचा क्रमांक बदलला का ते पाहायला सांगतो. दुसऱ्या पिढीत डेस्कटॉपवरचं ‘काटा जोडा’ हे चिन्ह दाबायला सांगतो. यूएसबीआयपीडीची आज्ञा त्या चिन्हामागे दडवली आहे. इथे ओळख चुकली तरी वजन चुकत नाही, फार तर सल्ला चुकतो आणि फोन मला येतो. नावावर एवढाच भार टाकावा.

यंत्राने काय करायचं ते त्याला खरोखर काय जमतं यावरून ठरवावं. जिथे ‘जमतं’ हे उत्तर खोटं निघू शकतं, तिथे खोटं बोलणारा नेमका कोपरा शोधून त्याची चौकशी करावी. आणि माणसाला काय सांगायचं ते मात्र तो कुठे बसलाय ते ओळखूनच सांगावं. वहिनींना डब्ल्यूएसएल म्हणजे काय ते माहीत नाही, माहीत असण्याची गरजही नाही. दारात टेम्पो उभा असताना पडद्यावर आलेलं वाक्य त्यांच्याच संगणकाला लागू पडलं पाहिजे. वातावरणाचं नाव विचारायला मला तेवढं कारण पुरेसं आहे.